लव्हाळ्यातली आक्का

कोल्हापूर,
१९ जुलै २०२५

ती. बाबासोकाकांना,
ऋताचा जय भीम.

मीनाकाकूंचा गुडघा आता कसा आहे? जिना चढतात का? इकडे पाऊस लागून राहिलाय. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. उचलत नाही तेच बरोबर आहे.

आक्का सापडली. तुम्ही नाव ठेवलेली तीच घोणस, अंगात ट्रान्समीटर असलेली. मंगळवारी अँटेना डोक्यावर धरून मांडीभर पाण्यातून तुमच्या गावच्या लव्हाळ्यात शिरले. एका उंचवट्यावर ती पडली होती आणि भोवती वीतभर पिल्लं. पावसाळ्यात ती लव्हाळ्यात असते, उसात नाही. तुम्ही हेच सांगत होता.

सरांच्या सापांच्या अभ्यासासाठी मी आले, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलं होतं, "डोळ्यानं बघितल्याबिगर लिवायचं न्हाय, ताई." गेल्या वर्षी काकूंच्या ऑपरेशनसाठी तुम्ही मिरजेला होता, ते अकरा दिवस मी बांधावरूनच सिग्नल घेतला आणि वहीत 'ऊस' लिहून मोकळी झाले. एकटीने चिखलात उतरायची भीती वाटत होती. एवढं कबूल केलं असतं तर सर चार शब्द बोलले असते, बास.

पण तुम्ही परत आल्यावर सरांनी नोंदी नकाशावर टाकल्या. अकराही बांधाच्या रस्त्यावर पडल्या, म्हणजे घेणारा आत उतरलाच नव्हता. कोणी घेतल्या, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बाबासोंनी.

तुम्ही दारात उभे होता, काका. मला दिसत होतात. ते अकरा दिवस तुम्ही मिरजेला होता हे दाखवणारी दवाखान्याची चिठ्ठी तुमच्या खिशात होती, ती तुम्ही काढली नाही. गमबूट उतरवून कोपऱ्यात नीट ठेवलेत आणि गेलात. माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, आणि तुमचा शब्द कोणी विचारलाच नाही. हे होणार हे मला बोलतानाच माहीत होतं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काल सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, नोंदी दुरुस्त करू, आता गावात बोभाटा कशाला. पण बसून पगार खाल्ला हे गावात तुमच्याबद्दलच बोललं जातं ना. पुढच्या रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर सगळे चहाला जमतात, तिथे उभी राहून मी सांगणार आहे. तुम्ही यावं असं नाही. तुमच्या दारात मात्र बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुमच्या नावावर खोटं बोललेली,
ऋता