लिंबावरची अळी, रुईवरची अळी

बाई, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते मला सुचत नाही.

शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटवरून तुम्ही मला रुईच्या झुडपावरची एक अळी दिली होतीत, घरी वाढव म्हणून. कोकणात आजोळी लिंबाची पानं खाणाऱ्या अळीचं मोठं काळंनिळं नीलवंत फुलपाखरू झालेलं मी पाहिलं होतं. म्हणून हिलाही लिंबाचीच पानं घातली. तिसऱ्या दिवशी ती मेली. चिंचवडच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी रडत उभी आहे, तुम्ही पोळ्या लाटताय, आणि मान वर न करता म्हणताय, "नीलवंत पावसाच्या, दाट झाडीतलं. तुझ्या अळीचं होणारं केशरी फुलपाखरू उघड्या माळावरचं. याच्या अळीला रुईच लागते. उपाशी मारलंस तू तिला." मग पहिली पोळी मलाच वाढलीत.

आता मी चाकणला एका कारखान्यात पर्यावरणाचं काम बघते. साहेबांना गेटपाशी फुलपाखरांची बाग हवी होती, आणि नीलवंत राज्याचं फुलपाखरू, म्हणून तेच हवं. रुईचा माळ साफ करून तिथे लिंबू आणि कढीपत्ता लावायचा. माळावरच्या फुलपाखरांचं काय, असं त्यांनी मला विचारलं होतं, बाई. खरंच विचारलं होतं. 'सर्वत्र आढळणारं, नुकसान नाही' असं लिहून मी सही केली. वाद घालायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

बुलडोझर फिरल्यावर मोडक्या फांद्यांवरच्या अकरा अळ्या मी जेवणाच्या डब्यात भरून रावेतला आणल्या. आमच्या सोसायटीत नुसतं लॉन. शेवटी मारुतीच्या देवळाबाहेरून रुईच्या पानांच्या माळा आणू लागले. शनिवार नसताना रोज माळ नेते म्हटल्यावर फुलवालीनं विचारलं, "ताई, मोठा नवस दिसतोय?" मी हो म्हणाले. पण माळेची पानं शिळी, सुकलेली. अळ्या एकेक करून मेल्या. सकाळी झाकण काढायला हात धजत नसे. दोघींचेच कोष झाले.

आज त्यातल्या एकातून फुलपाखरू बाहेर आलं. पंख कधीच वाळलेत, ते काचेवर आपटतंय. त्याला कुठंतरी रुई सापडेल, हे मला कळतं. पण आधी ते त्या माळावरच जाईल, असं वाटत राहतं. हे पत्र जायचं कुठंच नाही, तेव्हा खरं सांगते, बाई. मी अजून खिडकी उघडलेली नाही.