नाव शेवटी विचारण्याची खोली

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मृत्यू नोंदणीच्या टेबलाला पूर्वीप्रमाणे भिंती व एक दार मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'आनंदी कार्यस्थळ' योजनेची प्रश्नावली, त्यातील माझे उत्तर क्र. ७.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवर मिळालेल्या तीन वस्तू.

महोदय,

१. मी या कार्यालयात गेली बावीस वर्षे मृत्यू नोंदणीचे काम पाहतो. नूतनीकरणापूर्वी मला नऊ बाय सात फुटांची खोली होती. तीत एक टेबल, दोन लाकडी खुर्च्या, पाण्याचा जग आणि आतून कडी लागणारे दार होते. माणूस आला की मी दार लावत असे, पाणी देत असे आणि प्रपत्र खालून वर भरत असे. आधी पत्ता, मग व्यवसाय, वय, ठिकाण, वेळ. नावाचा रकाना छापील प्रपत्रात पहिला आहे, तो मी शेवटी विचारतो. माणूस पत्ता न अडखळता सांगतो. नावाशी आला की त्याचा बांध फुटतो. तोवर बाकीचे लिहून झालेले असते आणि त्याला हवे तितके बसता येते. ही पद्धत कोणत्याही परिपत्रकात नाही, हे मला मान्य आहे.

२. मूळ चूक माझीच आहे. 'कामाच्या जागी आपणास कशाचा त्रास होतो?' असा सातवा प्रश्न होता. काय लिहावे, हे मी घरी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "अहो, रोज जेवताना मला सांगता तेच लिहा की. एवढं विचारतायत तर सांगावं माणसानं." म्हणून मी लिहिले, 'लोकांचे रडणे मनाला लागते.' मला वाटले, फार तर एखादी जादा रजा मिळेल. योजनेच्या सल्लागार बाईंनी ते उत्तर मनापासून वाचले आणि लोक रडणार नाहीत अशी जागा आखली. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तो असा. बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी माझे भलेच चिंतले होते.

३. सध्या सर्व भिंती पाडून एकच सभागृह झाले आहे. जन्म व मृत्यू या दोन्ही नोंदी एकाच गोल टेबलावर होतात. बसायला उंच स्टूल आहेत. वयस्कर माणसाला त्यांवर चढवावे लागते. माझ्या डोक्यामागे पिवळ्या भिंतीवर 'आज तुम्ही हसलात का?' असे फूटभर अक्षरांत लिहिले आहे. टोकनचा नंबर लागला की ध्वनिमुद्रित आवाज उत्साहाने पुकारतो, "टोकन एकेचाळीस, मृत्यू, आपले स्वागत आहे." हसावे की रडावे कळत नाही, आणि दोन्हींपैकी एकाचीच सोय आहे.

४. गेल्या महिन्यात एक सुतार आला. तो चुकून टेबलाच्या जन्माच्या बाजूला बसला आणि म्हणाला, "घरातली एक नोंद करायची होती." जन्म नोंदणीच्या बाई स्वभावाने आनंदी आहेत. त्यांनी हसून विचारले, "मुलगा की मुलगी?" तो म्हणाला, "मुलगी. छत्तीस वर्षांची." त्यानंतर बाई दोन दिवस रजेवर होत्या.

५. याबाबत मी तीन वेळा अर्ज केला. पहिल्या अर्जावर मला कुंडीतले रोप मिळाले, दुसऱ्यावर कानांवर लावायचे हेडफोन आणि तिसऱ्यावर हसरा चेहरा असलेली उशी. भीक नको पण कुत्रा आवर, असे म्हणायची वेळ आली होती, परंतु मी पोच दिली. योजनेच्या अहवालात 'रडण्याच्या घटना : शून्य' अशी नोंद आहे. ती खरी आहे. लोक आता नाव सांगतात, सही करतात आणि जिन्यात जाऊन बसतात. जिना योजनेत येत नसल्याने तो मोजलेला नाही.

६. येथवरचे सर्व मी निमूट सोसले असते. परंतु आज अठरा दिवस झाले, माझी पत्नी वारली. नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, आणि ती करणारा लिपिक या कार्यालयात मी एकटाच आहे. सोमवारी दुपारी मी रीतसर टोकन घेतले. आवाजाने माझे स्वागत केले. मी लोकांच्या बाजूच्या स्टुलावर बसलो, मग उठून माझ्या बाजूच्या स्टुलावर बसलो. पत्ता लिहिला, वय लिहिले. नावाशी आलो आणि हात थांबला. सभागृहात चाळीस माणसे होती. जन्म नोंदणीच्या बाईंनी आपले स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ केली. तेवढीच भिंत त्यांच्या हातात होती. मी प्रपत्र घडी घालून खिशात ठेवले.

७. माझ्या जुन्या खोलीच्या जागी आता कर्मचाऱ्यांसाठी काचेचा 'विसावा कोपरा' आहे. त्यात झुलती खुर्ची आहे आणि बोलण्यास मनाई आहे. तो पंधरा मिनिटांसाठी मोबाइलवर राखून ठेवावा लागतो. मी प्रयत्न केला. मोबाइल विचारतो, 'आज तुम्हाला कसे वाटते?' पाच चेहरे दाखवतो. त्यांतला एक दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी पाचही नीट पाहिले, साहेब. माझा त्यांत नव्हता.

८. तरी विनंती की, उत्तर क्र. ७ मी मागे घेत असल्याची नोंद व्हावी. लोकांचे रडणे मनाला लागते हे खरे, पण तेच माझे काम होते, हे मला लिहिताना समजले नाही. जुने दार गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे टेकवून ठेवले आहे. कडी शाबूत आहे. ते लोकांसाठी परत बसवावे. योजना मोडावी असे माझे म्हणणे नाही. पिवळा रंगही राहू द्यावा.

९. हे सर्व तीन दिवसांत होणार नाही, हे बावीस वर्षांच्या नोकरीमुळे मी जाणून आहे. म्हणून माझ्यापुरते एकच मागतो. आपल्या दालनाला अजून दार आहे. उद्या मला तेथे अर्धा तास मिळावा. मी लोकांच्या बाजूला बसेन. प्रश्न आपण विचारावेत, खालून वर. पत्ता आपणास ठाऊक आहे, तरीही विचारावा. नाव शेवटी विचारावे, आणि विचारल्यावर घाई करू नये.

आपल्याच कार्यालयातील,
मृत्यू नोंदणी लिपिक

दिनांक : १९ ऑक्टोबर

सोबत :
१) कुंडी, हेडफोन व उशी (परत).
२) प्रपत्र, एक प्रत. सर्व रकाने भरलेले, पहिला कोरा.