नव्या घरात माठाची जागा

अमरावती,
९ एप्रिल १९६१

गं. भा. विहीणबाई ललिताबाई यांना जमुनाचा आदरपूर्वक नमस्कार.

पत्राला कारण आहे, पण ते जरा खाली येईल. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते. एरंडेल चोळता की नुसतेच बाटलीकडे पाहता? माझे दोन दात कमी झाले, बाकी ठीक. ('गं. भा.' लिहिताना मला दर वेळी वाटते की आपण दोघी पुरात सापडलो आहोत आणि कोणीतरी काठावरून आपली नावे पुकारत आहे. पण विहिणीच्या पत्राचा मायना चुकला तर चार घरांत बोलणे होते, म्हणून लिहिले.) येत्या वैशाखात देवीदास आणि तुमच्या सुभद्रेच्या लग्नाला चार वर्षे होतील. तेवढीच वर्षे मी तुम्हाला 'अहो' म्हणते आहे. त्याआधी नागपूरच्या कॉन्व्हेंटात सात वर्षे आणि पुढे निदान पस्तीस वर्षे तुम्ही नुसत्या ललिता होतात, हे आता माझ्या सुनेलाही खरे वाटत नाही. मैत्री पक्की व्हावी म्हणून आपण मुलांचे लग्न जमवले. दोर पक्का करायला गाठ मारावी आणि दोरच आखूड व्हावा, तसे झाले.

अकोल्याचा प्लॉट तुम्हाला माहीत आहे. जठारपेठेतली ती जागा आमच्या यजमानांनी माझ्या नावावर घेतली, घराआधी पाणी हवे म्हणून विहीर खणली, विहिरीला गोड पाणी लागले आणि दोन महिन्यांत ते गेले. नऊ वर्षे त्या जागेवर माझ्या नावाची एक विहीर आहे आणि कोणाच्याही नावाच्या नसलेल्या बऱ्याच बाभळी. आता देवीदासची अकोल्यातली वकिली बरी चालते, तेव्हा तिथे नव्या पद्धतीचे घर बांधायचे आणि मी इथल्या भाड्याच्या खोल्या सोडून त्यांच्याकडे जायचे, असे ठरले. नकाशा आला. त्यावर सही माझी हवी. चष्मा लावून पाहिला, तर प्रत्येक चौकोनात इंग्रजीत खोलीचे नाव होते. बसायची, जेवायची, निजायची, पाहुण्यांची, इतकेच काय, मोटारीचीसुद्धा खोली होती. मागच्या बाजूला एक चौकोन तेवढा कोरा होता. मी देवीदासला विचारले, इथे काय? तो म्हणाला, "ते बघू, आई." मुलगा गुणी आहे, तुम्ही जावई म्हणून पारखून घेतला आहे. पण 'बघू' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणून मी सही न करता नकाशा गुंडाळून ठेवला आणि म्हटले, सही करण्याआधी ही नवी घरे एकदा आतून पाहून घ्यावी. म्हातारी कुठे ठेवतात तेवढे कळले की पुरे.

योग असा की आमच्या महिला मंडळाची सहल यंदा चिखलदऱ्याला न जाता नवी घरे पाहायला निघाली. ही कल्पना अध्यक्ष माणिकबाईंची. त्यांच्या यजमानांची कापसाची जिनिंग आहे, आणि जिनिंगची मोठी मोटार आहे, म्हणून माणिकबाईंच्या कल्पना मंडळात सहसा एकमताने मंजूर होतात. पाच जणी, एक ड्रायव्हर, शेवबुंदीचे पुडे, आणि मी. (मी त्या पाचांत धरलेली नाही. मला इंग्रजी मासिकातल्या घरांची चित्रे समजावून सांगण्यासाठी नेले होते.)

पहिले घर इथलेच, कॅम्पातले, एका कापूस दलालाचे. छप्पर दोन्ही बाजूंनी वर उडालेले आणि मधे खाली बसलेले, उडू पाहणाऱ्या फुलपाखरासारखे. मालकीणबाई म्हणाल्या, अमेरिकेत असेच असते. तिथला पाऊस कुठे जातो ते त्यांनी सांगितले नाही. इथला जेवणाच्या टेबलावर येतो, कारण टेबलाच्या बरोबर मधोमध पिवळा डाग होता आणि त्यावर फुलदाणी ठेवली होती. मोझॅकची फरशी इतकी गुळगुळीत की आम्ही सगळ्या जणी एकमेकींचे हात धरून, मंगळागौर खेळत असल्यासारख्या, हॉलभर फिरलो. सोफ्याचे पाय बगळ्याचे. त्यावर बसू का, असे विचारायचे धैर्य फक्त माणिकबाईंना झाले, आणि सोफ्याचा आवाज ऐकून त्या लगेच उठल्या. हॉलच्या दर्शनी कोपऱ्यात रेफ्रिजरेटर होता, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर नटराज. मला तहान लागली होती. आतले पाणी दिले, त्याने उरलेले दातही जातात की काय असे वाटले. मी म्हटले, माठातले चालेल. मालकीणबाई जरा घोटाळल्या, मग म्हणाल्या, माठ मागे आहे.

मागे गेले. ललिताबाई, घर तिथे होते. टिनाची पडवी, चूल, बाज, वाळत घातलेल्या कुरडया, आणि बाजेवर त्यांच्या सासूबाई, मैनाबाई. माठ त्यांच्या हाताशी. मला पाहून त्या म्हणाल्या, "काहून वो बाई, समोर पानी नाई भेटलं?" मी विचारले, तुम्ही इथेच असता? तर म्हणाल्या, "समोरचं घर पाव्हन्याचं हाय. पाव्हना आला का आमी मांगं येतो. पाव्हना गेला तरी मांगंच रायतो. सवय झाली." तक्रार नव्हती. दुपारी काचांमुळे हॉलची भट्टी होते, तेव्हा मुलगा-सूनही इथेच येऊन पडतात, असेही त्यांनी सांगितले, आणि मला मूठभर कुरडया बांधून दिल्या. मोटारीत बसताना मी मनाशी नोंद केली की नव्या घरात म्हातारी शोधायची असेल तर माठ कुठे आहे ते विचारावे.

तिथून अकोल्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत तुमचे मूर्तिजापूर आले. तुमच्या गल्लीचे तोंड दिसले. ड्रायव्हरला थांब म्हणणार होते, पण विहिणीकडे असे हात हलवत कसे जाणार? खण नाही, नारळ नाही, मागाहून लोक म्हणणार की मुलाची आई चार बायका घेऊन अचानक तपासणीला आली. म्हणून मी शेवबुंदीचा पुडा मांडीवर घेऊन समोर पाहत राहिले. (पूर्वी तुझ्या खिडकीवर खडा मारला असता. क्षमा असावी, तुमच्या.)

अकोल्याचे पहिले घर डॉक्टरांचे. त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या भिंतीतून जिभेसारख्या बाहेर आलेल्या, खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. दोन पायऱ्यांमधून खालचे सगळे दिसते. वर जाताना माणिकबाई पुढे होत्या. उतरताना त्यांनी खाली पाहिले आणि सातव्या पायरीवर थांबल्या. पाच मिनिटांनी डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, ही पद्धत इटलीत चालते असा धीर दिला. शेवटी माणिकबाई नऊवारीचा ओचा आवरून एकेक पायरी बसत बसत खाली आल्या आणि खाली पोचल्यावर 'जिना फार कलात्मक आहे' असा अभिप्राय दिला. त्या गडबडीत मी माठ कुठे आहे ते विचारून घेतले. माठ मोटारीच्या खोलीत होता, सासूबाईही तिथेच. मोटार अजून यायची आहे. फियाटचा नंबर लागायला सहा वर्षे आहेत, सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत आहेत. मला त्या क्षणी आमच्या नकाशातली मोटारीची खोली आठवली, आणि पाणी पिताना जरा ठसका लागला.

तिसरे घर लहान होते. आमचा नकाशा ज्याने काढला त्या धर्मपाल नावाच्या तरुण इंजिनिअरचे. देवीदासनेच आवर्जून सांगितले होते की हे पाहाच. कौलारू ना काचेचे. सपाट छप्पर, त्याला हातभर पुढे आलेली सावली, पांढऱ्या भिंती, आणि घराचा रस्त्याकडचा कोपराच खिडकीचा. दोन्ही बाजूंना काच, मधे खांब नाही. त्या खिडकीत सिमेंटचा रुंद कट्टा, कट्ट्याच्या टोकाला भिंतीतच केलेली माठाची जागा, आणि माठाखाली पाझर जायला पन्हळ, ती बाहेरच्या मोगऱ्याच्या बुडाशी. आणि माठाशेजारी, घराच्या सगळ्यात दर्शनी जागी, पाय वर घेऊन धर्मपालची आई पंचफुलाबाई बसलेली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. छप्पन साली दीक्षा घेतलेले घर. आमच्या मंडळाला ती तसबीर दिसली आणि मंडळ घराऐवजी घड्याळ पाहू लागले.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "बसा ना वो बाई. उभ्यानं घर दिसत नाई." मी बसले. एका काचेतून स्टेशनचा रस्ता दिसत होता, दुसरीतून बाजाराचा. त्यांनी माठातून पाण्याचा पेला भरून पुढे केला, आधी माणिकबाईंना, कारण त्या अध्यक्ष दिसतात. माणिकबाईंना एकाएकी आठवले की आज त्यांचा उपास आहे. (उपासाला पाणी चालते, हे त्यांनाही ठाऊक होते. शेवबुंदी चालत नाही, हेही.) बाकीच्या चौघींना तहान नव्हती. मग पेला माझ्याकडे आला. खोटे कशाला लिहू, सात वर्षे सिस्टर ॲग्नेसच्या हाताखाली काढून, पुढे बावीस वर्षे मुलींना समतेचे धडे शिकवून, माझा हात क्षणभर मांडीवरच राहिला. पंचफुलाबाईंनी ते पाहिले. रागावल्या नाहीत. रोजचा पाऊस पाहावा तसे पाहिले आणि म्हणाल्या, "प्या नाई तं नका पिऊ. माठ काई रुसत नाई."

मी प्याले. वाळ्याचा वास होता. दुसरा पेला मी मागून घेतला, आणि तो लाजेने नव्हे, तहानेने.

मग त्यांनी सांगितले. तरुणपणापासून त्या बांधकामावर मजुरी करत. "चौदा घराच्या इटा वाह्यल्या म्या डोक्यावर," त्या म्हणाल्या, "एकाही घरात बुढीले बसाले जागा नोती. मंग पोराले म्हनलं, तुह्या कागदावर पयले मले बसव, मंग भिती काढ." त्यांनी घर आम्हाला दाखवले नाही. तिथे बसले की ते दिसत होते. सगळ्या खोल्यांना येणारा वारा त्याच कोपऱ्यातून जातो. मंडळ मोटारीत जाऊन बसले, ड्रायव्हरने तीनदा भोंगा वाजवला. धर्मपाल आला, तेव्हा मी त्याला त्या कोऱ्या चौकोनाबद्दल विचारले. तो म्हणाला, "तिथं कोण राहणार ते मला कोणी सांगितलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही." सरळ माणूस. मी म्हटले, तो चौकोन पुसून टाका, मी समोर बसणार आहे.

परत येताना माणिकबाईंनी मोटारीत एकूण सहलीचा आढावा घेतला आणि तिसऱ्या घराला 'साधे आहे' असे म्हटले. नवी घरे मला एकंदरीत पसंत नाहीत, असेच तुम्हीही समजावे. फरशी निसरडी, काचा तापणाऱ्या, जिने जीवघेणे. आपल्या वयाला ही घरे मानवायची नाहीत. देवीदास-सुभद्रा सुखरूप आहेत. सुभद्रेने पाठवलेला लिंबाचा रस पोचला का ते कळवावे. गुडघ्यांना जपावे.

आपली नम्र विहीण,
जमुना

ता. क. नव्या नकाशात धर्मपालने खिडकी काढून पाठवली आहे. आधी तीन फुटांचा कट्टा होता, मी सहा फुटांचा करून घेतला. त्याने विचारले, एकट्या माणसाला सहा फूट कशाला? मी सांगितले, काही माणसे पाय पसरून बसतात. देवीदासने नकाशा पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आई, मला सुचलं नाही गं." मोटारीची खोली त्याने स्वतःच्या हाताने खोडली.

ता. क. दुसरा. ललिता, आता विहिणीचे पत्र संपले. वर लिहिले ते निम्मे खोटे आहे. मला ती खिडकी फार आवडली. भोंगा वाजत होता तरी मी उठेना. बोर्डिंगच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत आपण दोघी स्टेशनचा रस्ता पाहत बसायचो आणि सिस्टर ॲग्नेसने 'खिडकी ही बसण्याची जागा नाही' असे शंभर वेळा लिहायला लावले होते, आठवते? तू साठ लिहिलेस, उरलेली चाळीस मी. ती चाळीस वाक्ये मी आता परत मागते आहे. तू मूर्तिजापूरला एकटी, मी इथे एकटी. घर दिवाळीपर्यंत होईल. ये, आणि राहा. पाळणा हलेपर्यंत लेकीच्या घरचे पाणी प्यायचे नाही, हा तुझ्या सासरचा नेम मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला तू सुभद्रेकडे थर्मास घेऊन आलीस, दोन तास काठीसारखी ताठ बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. तू गेल्यावर पोर माठाशी उभी राहून रडली. मी पाहिले, तिला कळू दिले नाही. पाळणा हलेल तेव्हा हलेल, त्याला आपण दोघींनी तहानलेले राहून काय घाई होणार आहे? आणि तुझा नेमही मोडत नाही. जागा माझ्या नावावर आहे. विहीर, कोरडी का होईना, माझी. माठ मी भरणार. तू लेकीकडे येत नाहीस, माझ्याकडे येते आहेस.

ता. क. तिसरा. नकाशावर सही अजून केलेली नाही. तुझे उत्तर आले की करीन. नाही आले तर तीन फूट पुरे. येताना गुडघ्यांचे तेल आण. थर्मास आणू नकोस.