रिकामा रकाना

प्रिय मेरेरिद,

नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडण्यापलीकडे गेल्या चार वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही. तुझं कार्ड मात्र दर वर्षी माझ्याआधी पोचतं आणि आत तुझ्या तिरक्या अक्षरात असतं, "कशी आहेस गं? ये की कधी तरी." मी आले नाही. तुझे बाबा, आपले ग्लिनकाका गेले तेव्हाही फुलं पाठवली, स्वतः आले नाही. तेव्हा कामाचं निमित्त सांगितलं. खरं कारण आज लिहिते आहे. यातलं पुष्कळ तुला ठाऊक आहे, तरी मी काही वगळणार नाही. एकदा ते माझ्या हातानं कागदावर उतरू दे.

गेल्या शनिवारी मी आपल्या गावी जाऊन आले. कामगार सभागृहाचं छप्पर नवं केलंय. इदवालकाका एक्याऐंशी वर्षांचे झाले, पण सभागृहाच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला. मला बघून म्हणाले, "या साहेबीणबाई! वाट चुकलात वाटतं?" मग चहा केला, बशीत मनुक्यांचे केक ठेवले आणि माझ्याकडे बघत बसले. मी का आलेय हे त्यांना आधीच कळलं होतं, असं मला वाटतं. पण ते पुढे सांगते.

आपण विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा पोलादाचा कारखाना बंद झाला. तीस-तीस वर्षं भट्टीपाशी राबलेली माणसं घरी बसली, आणि नव्या नोकरीसाठी अर्ज करायचा तर तो कॉम्प्युटरवर. दर गुरुवारी दुपारी तू सभागृहात दोन जुने कॉम्प्युटर मांडून बसायला लागलीस. मी यायला लागले ती चार महिन्यांनी, तेही तू ओढून आणलंस म्हणून. पहिल्या दिवशी पाहिलेलं मला अजून आठवतं. 'तुमची कौशल्ये लिहा' या रकान्यासमोर ग्लिनकाका बसले होते. "माझ्याकडे कसली आलीयत कौशल्यं? लोखंड वितळवायचो. लिही, काही नाही." तू म्हणालीस, "बाबा, भट्टीचा आवाज बदलला की तुम्ही काय करायचा?" ते सांगायला लागले. तू विचारत गेलीस, ते बोलत गेले, आणि तासाभरात दोन पानं भरली. शेवटी तू त्यांना ती वाचून दाखवलीस, तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "हा माणूस मीच का गं?"

तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं तो नवा दाखला सुरू केला. पदवीसोबत आणखी एक कागद. अभ्यासाबाहेर तुम्ही काय केलंत, ते विद्यापीठ तपासणार आणि शिक्का मारून देणार, कारण नुसत्या गुणांवरून नोकरी देणाऱ्याला माणूस कळत नाही. मी तेव्हा त्याच कार्यालयात तासावर काम करत होते. विद्यार्थ्यांचे फॉर्म गोळा करून आत द्यायचे, हे माझंच काम. तुझं तर म्हणणं, "बाबांच्या दोस्तांचे अर्ज भरले, त्याचं कसलं सर्टिफिकेट?" मीच तुझ्या मागे लागून तुला फॉर्म भरायला लावला. त्याच आठवड्यात ग्लिनकाकांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्याच्या जिन्यात फॉर्म माझ्या हातात देत तू म्हणालीस, "तेवढा देशील ना आत?"

मी तो चार दिवस पिशवीत घेऊन फिरले. माझा फॉर्म आधीच भरलेला होता. त्यात 'उपक्रम कोणी सुरू केला' या रकान्यात मी 'मी' लिहिलं होतं. का लिहिलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. ना खेळ, ना गाणं, ना कुठल्या मंडळाचं पद. वाटलं, एका शब्दानं कोणाचं काय बिघडतंय? पण तुझ्याही फॉर्मवर त्या रकान्यात 'मी' होतं, आणि दोन्ही फॉर्म आत गेले असते तर कुणीतरी विचारलंच असतं. पाचव्या दिवशी मी तुझा फॉर्म कार्यालयातल्या कागद फाडायच्या यंत्रात घातला. तुला सांगितलं, मुदत संपली. तू माझा हात दाबून म्हणालीस, "जाऊ दे गं. तू कशाला वाईट वाटून घेतेस?" मेरेरिद, तू माझीच समजूत काढलीस आणि मी ती काढू दिली.

त्या दाखल्यावर मला प्रौढ शिक्षण केंद्रातली ही नोकरी मिळाली. मुलाखतीत त्यांनी त्या गुरुवारांबद्दल विचारलं, आणि मी ग्लिनकाकांची गोष्ट सांगितली. भट्टीच्या आवाजाचा प्रश्नही सांगितला. "मग मी त्यांना विचारलं," असं म्हणाले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझं वाक्य, तुझे वडील, आणि पाणी माझ्यासाठी. तू तेव्हा त्यांना आंघोळ घालत होतीस, भरवत होतीस, उरलेल्या वेळात दुकानाच्या गल्ल्यावर बसत होतीस. अशी नऊ वर्षं, ते जाईपर्यंत.

आणि गेल्या महिन्यात आमच्याकडे शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज आले. त्यात तुझा होता. मी तो तीनदा वाचला. गल्ल्यावरची अकरा वर्षं तू सरळ लिहिली होतीस. 'अभ्यासाबाहेरचे काम' हा रकाना कोरा. निवडीच्या बैठकीत आम्ही दोघंच होतो, माझा सहकारी ह्यू आणि मी. ह्यूनं कागद उलटा-सुलटा केला. म्हणाला, "बाई चांगल्या दिसतात, पण शिकवण्याशी यांचा संबंध काय? यांनी आयुष्यात कधी काही सुरू केलंय असं दिसत नाही." तो माझ्याकडे बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की, थांब. मी म्हणाले, "बरोबर आहे." तुला आलेल्या नकाराच्या पत्रावर सही माझी आहे, हे तू वाचलंच असशील.

त्यानंतर तीन दिवस मी तुझा अर्ज पुन्हा पुन्हा वाचत राहिले. म्हणून शनिवारी इदवालकाकांकडे गेले. माझ्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून सही त्यांची होती. मला वाटत होतं, त्यांनी न वाचताच सही केली आणि मी त्यांनाही फसवलंय. मी सगळं सांगून टाकलं. ते केकचा तुकडा मोडत म्हणाले, "मला ठाऊक आहे पोरी. तेव्हापासून." विद्यापीठानं त्यांना पत्र पाठवून विचारलं होतं, हा उपक्रम नेरिसनं, म्हणजे मी, सुरू केला हे खरं का? ते पत्र घेऊन ते तुझ्याकडे दवाखान्यात आले होते. तू वाचलंस आणि म्हणालीस, "हो म्हणून कळवा, काका. खोडलंत तर तिच्या हातात काय राहील? मला बाबांना सोडून तसंही कुठे जाता येणार नाही." आणि कुणाला बोलायचं नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंस.

म्हणजे माझ्या लग्नात तू माझ्या शेजारी उभी होतीस, तेव्हा तुला ठाऊक होतं. दर नाताळला "ये की कधी तरी" लिहिताना ठाऊक होतं. मी आता कुठे काम करते हेही ठाऊक होतं, आणि तो रकाना तू म्हणूनच कोरा ठेवलास. भरला असतास तर एकाच कामावर दोन नावं दिसली असती आणि मी उघडी पडले असते. मी गाडीत बसून रडले. पण रडल्याचं सांगायचीही मला लाज वाटते. तुझ्यापुढे तेही मी मिरवल्यासारखंच होईल.

सोमवारी मी आमच्या संचालिका प्रॉसरबाईंना सगळं सांगितलं, यंत्रात घातलेल्या फॉर्मपासून परवाच्या बैठकीपर्यंत. त्यांनी तुझा अर्ज मागवून वाचला. मग म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी त्या बाईंना बोलवायला हवं." विद्यापीठालाही मी लिहून कळवलंय, आणि इदवालकाकांनी स्वतःच्या हातानं खरी हकिगत लिहून दिली आहे. माझी नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. तुला मुलाखतीचं बोलावणं दोन दिवसांत येईल. माझ्यावर दया म्हणून तू ते नाकारशील, अशी मला भीती वाटते. तुझा काही भरवसा नाही, म्हणून हे पत्र घाईनं त्याआधी धाडते आहे. माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील आणि मी पुन्हा सुटेन. फक्त ये. त्या खोलीत मी नसेन. ते गुरुवार कोणी सुरू केले, असं त्यांनी विचारलं तर या वेळी माझं नाव वाचवू नकोस.

अजून तुझीच म्हणायची हिंमत होत नसलेली,
नेरिस