सलीम दौंडला गेला

शिरूर. गुरुवार, जुलै २००१

आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीममधला सलीम आज दाखला काढून दौंडच्या कॉलेजात गेला. मला न सांगता! दोन वर्षं घडवला त्याला, आणि हे? दिवसभर नुसती चिडचिड झाली.

पण तो सांगणार तरी काय? तिथला चढाईपटू मीच फोडून इकडे आणला. प्राचार्य हात धुऊन मागे लागले होते, ट्रॉफी पाहिजे म्हणून. तो आला आणि सलीम बाकावर बसला. सलीमशी बोलायचं मी रोज उद्यावर टाकत राहिलो.

संध्याकाळी निमोण्याहून सलीमचे वडील आले. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "सर, आमच्या वट्यावर बसून तुमी म्हणला व्हता, पोरगा माझ्या हवाली करा. म्या केला. आता त्यो तिकडं कुणाच्या हवाली हाय?"

प्राचार्यांचं नाव सांगू? शब्द तर मीच दिला होता, त्या ओट्यावर.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "आन् त्या नव्या पोराच्या बापाला काय सांगितलंय?"

तेच. दौंडला त्यांच्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता.