टेकडीवर काहीतरी शिजतंय

१२ ऑगस्ट, मंगळवार

आलं! टेकडीवरच्या शाळेचं पत्र आलं. 'पालकांसाठी नव्या वर्षाच्या बातम्या' — जाड गुळगुळीत कागद, हसऱ्या मुली, मागे मेपलची झाडं. दर ऑगस्टला येतं. बायको, डोरीन, ते फ्रिजवर लावते, मी दूध काढताना बाजूला सारतो. आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून वाचलं.

वाचायला नको होतं.

अर्धं आयुष्य जुन्या गाड्या विकण्यात गेलं माझं. जाहिरात कशी लिहितात आणि कशी वाचतात, हे मला कुणी शिकवायला नको. 'नुकताच रंग दिलेला' — खाली गंज. 'म्हातारीने फक्त चर्चला जायला वापरली' — म्हातारीचा नातू वापरत होता. आता हे पत्र. 'जेवणघराची नव्याने आखणी' — म्हणजे स्वयंपाकी काढले. 'आपला आटोपशीर, अधिक जिव्हाळ्याचा परिवार' — पोरं कमी झाली! आणि हे तर फारच झालं — 'पूर्वेकडचं वसतिगृह यंदा विश्रांती घेईल.' इमारत विश्रांती घेते? दमली असेल बिचारी!

डोरीनला वाचून दाखवलं. "लुसियन, तुला लग्नाच्या केकखालीसुद्धा गंज दिसेल," म्हणाली, आणि बीन्स ढवळायला उठली. बीन्स ढवळायची गरज नव्हती. ओव्हनमध्ये होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या पोरीचं, सेलेस्टचं, टेकडीवर शेवटचं वर्ष. यंदा ती हॉकीची कप्तान! टेकडीवर दोन जाती — तिथेच राहणारी आणि रोज घरी जाणारी. राहणाऱ्यांच्या आया विमानाने येतात, आमची गावातली पोरं व्हॅनने. कप्तान नेहमी राहणाऱ्यांतलीच व्हायची. आमची पहिली.

माझा बाप कापडगिरणीत खपला. मी त्या शाळेच्या फाटकातून पहिल्यांदा आत गेलो तो त्यांचा बंद पडलेला ट्रक ओढून आणायला. आता माझी पोरगी तिथे काठी उंचावून बाकीच्यांना मैदानात आणते. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगतो — गाडी विकली गेली नाही तरी सांगतो.

शाळा अर्ध्या वर्षात बंद पडली तर? ऐन कॉलेजांच्या अर्जांत? गावातली सरकारी शाळा लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंतच नाव घेते. पुढे नाही. त्यानंतर पोरगी ना घरची ना घाटची.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डीलरांच्या लिलावाला गेलो होतो. पिकअप बघायला गेलो आणि पाहिलं भलतंच.

मागच्या रांगेत पांढऱ्या व्हॅन. अक्षरं खरवडून काढलेली. पण अक्षर काढलं म्हणून नाव जात नाही — बाजूचा रंग उन्हाने उडालेला असतो, अक्षराखालचा तसाच राहतो. तिरकं उभं राहिलं की दिसतं. दिसलं! टेकडीची व्हॅन. सेलेस्ट हिच्यातच बसून जायची गेल्या मेपर्यंत. दार उघडलं तर आत तोच वास — ओले मोजे आणि संत्र्याची सालं.

लिलाववाल्या रॉस्कोला विचारलं, "कुणी आणल्या रे ह्या?"

"दलालाने. लांबच्या."

"मालक कोण?"

"लुसियन, गाडी घे. तिचं कूळ कशाला विचारतोस?"

गावात मी असताना शाळा आपल्या व्हॅन लांबच्या दलालाकडून विकते! मला विचारलं असतं तर जास्त दिले असते. मला विचारलं नाही, ते मला कळू नये म्हणूनच.

२० ऑगस्ट

डोरीनला सांगितलं नाही. विचारते आहे, जेवण का जात नाही. उन्हाळा, म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

थेट थॅक्स्टरबाईंच्या खोलीत गेलो. मुख्याध्यापिका म्हणून पाच-सहा वर्षं झाली त्यांना, पण मी नेहमी स्नेहसंमेलनात पाहिलेल्या — मोत्यांची माळ, हातात कप. आज टेबलावर खोकी, आणि पायात रबरी बूट. माळी काढलाय म्हणे, गुलाबांना स्वतःच पाणी घालतात.

"बाई, व्हॅन पाहिल्या मी लिलावात."

उठून दार लावलं. खिडकीही लावली.

"मिस्टर थेरिओ, तुमच्यापासून काय लपणार!"

मग सांगितलं. सरळ सांगितलं, ते बरं वाटलं. मुलं घटलीत. विश्वस्त मंडळ ऑक्टोबरात डोकी मोजणार. आहेत तेवढी टिकली, तर शाळा चालू. त्याखाली गेली, तर नाताळला कुलूप.

"एकाने मूल काढलं की दुसरा काढतो," म्हणाल्या. "तिसरा तर दुसऱ्याने का काढलं हेही विचारत नाही. म्हणून हे मी फक्त तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही पोटात ठेवणारे आहात."

खोटं कशाला लिहू — छाती फुगली. गिरणीवाल्याच्या पोराला टेकडीवरची बाई दार लावून गुपित सांगते!

"डोरीनला सांगू?"

"नको. तिलासुद्धा नको."

शब्द दिला. बाहेर आलो तर मैदानावर सेलेस्ट धाकट्या पोरींना पळवत होती. "पपा, तू इथे कसा?" म्हणे. "बाईंना गाडी हवीय," म्हटलं.

हे बरं झालं! बाई रोज सायकलवरून येतात; आता माझी थाप खरी करायला त्यांना गाडीच घ्यावी लागणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

व्हर्जिल बील ब्रेक दाखवायला आला. समुद्रातून लॉबस्टर धरून विकतो, त्याचा पोरगा एव्हरेट टेकडीवर दहावीला. मी गाडीखाली होतो. तो वर बायकोशी फोनवर बोलत होता. कान माझे तिखट, आणि गाडीखालून तर काय, सगळं ऐकू येतं.

"नाही गं! लुसियनला कळता कामा नये! त्याला कळलं की गावाला कळलं!"

मी बाहेर सरकलो. त्याने फोन असा खिशात टाकला, जसा काही खेकडा चावला.

"काय म्हणते सूझन?"

"काही नाही. हवा चांगली आहे म्हणते." मग उगाचच — "शाळा मात्र आपली टेकडीवालीच हां, लुसियन! तोड नाही!"

हा व्हर्जिल! एव्हरेट त्या शाळेत गेला त्या दिवसापासून शिव्या घालतोय — जेवण वाईट, टाय कशाला, लॅटिन कुणाच्या बापाला कळतं. आज तोड नाही! एवढी स्तुती माणूस हातची वस्तू काढून टाकायची असली तरच करतो. पोराला काढणार हा. नक्की काढणार. आणि त्याने काढलं की त्याचा भाऊ काढेल.

"एव्हरेट राहतोय ना यंदा?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सेलेस्ट राहतेय ना?"

"म्हणजे काय?"

दोघंही हसलो. त्याच्या हसण्यात मला काही दम दिसला नाही.

ब्रेक ठीक होते त्याचे. मग आला कशाला होता?

२८ ऑगस्ट

सरकारी शाळेपर्यंत गेलो. गाडी बंद केली, परत सुरू केली, आलो.

३० ऑगस्ट, शनिवार

मुलं राहायला आली. दरवर्षीचीच तऱ्हा — प्रत्येक गाडी फाटकातून आली की मास्तर लोक घंटा वाजवतात, आणि शेवटच्या वर्षाची पोरं नव्या पोरांच्या पेट्या खांद्यावर घेऊन चढ चढतात. सेलेस्टने एका रडक्या मुलीची पेटी उचलली आणि वर जाईपर्यंत तिला हसवलं. काय सांगत होती कोण जाणे. मी पालकांच्या रांगेत उभा राहून घंटा ऐकत होतो. मध्ये मध्ये फार वेळ वाजत नव्हती.

आणि पालक — सगळे खूश! दातांचे डॉक्टर खूश. न्यूयॉर्कवाली जोडपी खूश. जेवणघरात गार सँडविच दिलं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. आजवर एक पालक असा पाहिला नाही जो तक्रार केल्याशिवाय घरी गेला. बिचारे! कुणाला काहीच पत्ता नाही. मी एकटा त्यांच्यात फिरत होतो, आत डाव्या खिशात जिवंत बेडूक ठेवल्यासारखा.

मग ग्रासिएला आली, मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून. तिची हिमेना गेल्या वर्षापासून इथे राहते. बाप वारल्यावर पोर बोलायची थांबली होती. थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे सुट्टीला आली, माझ्या आईच्या पद्धतीचा, मांस भरून भाजलेला पाई तीनदा मागून खाल्ला, आणि सेलेस्टच्या खोलीतून मध्यरात्रीपर्यंत खिदळणं ऐकू आलं. तेव्हापासून ग्रासिएला आम्हाला घरचंच समजते.

मला बाजूला घेतलं. "डॉन लुसियन, सेलेस्ट वर्षभर इथेच ना?"

"इथेच की."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं." माझा हात दोन्ही हातांत धरला. "धाकटीलाही आणते मी, लुपेला. जानेवारीत नको, आत्ताच. तिथे नन्सच्या शाळेत आहे. सोडली की ती जागा परत मिळत नाही. पण आणते."

"शाळा छानच आहे," म्हटलं.

किती विश्वासाने बघत होती!

१ सप्टेंबर, लेबर डे

सरकारी शाळेचं दार बंद झालं. सेलेस्ट टेकडीवर. मी बोललो नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

ग्रासिएलाचा फोन. गावातल्या लॉजवरच उतरली आहे, शनिवारच्या पालकांच्या जेवणापर्यंत. "सोमवारी नन्सना कळवते, लुपेचं नाव काढा म्हणून." आवाजात केवढा आनंद!

फोन ठेवला आणि गाड्यांच्या रांगांतून नुसता फिरत राहिलो.

मी लबाडी केली नाही असं नाही. पॉलिश जास्त लावलंय, रेडिओ मोठा करून इंजिनाचा आवाज झाकलाय. पण ब्रेक नसलेली गाडी बाईमाणसाला, पोरं मागे बसवून, कधी दिली नाही. आता काय करतोय मी?

सांगितलं तर? मॉन्तेरेच्या आणखी आया आहेत, सगळ्या एकमेकींच्या मावश्या-आत्या. एकीला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरी विमानात. ऑक्टोबरात डोकी भरणार नाहीत. कुलूप. आणि सेलेस्टला जायला आता दुसरं दारही उरलेलं नाही — ते मीच बंद होऊ दिलं.

नाही सांगितलं तर बाप नसलेल्या दोन पोरी, दोन्हीकडून सुटलेल्या.

रात्री भांडी पुसताना डोरीनला म्हटलं, "एखाद्याला शब्द दिला, आणि तो पाळल्याने तिसऱ्याच्याच पोरांचं नुकसान होत असेल, तर?"

"कुणाला शब्द दिलास?" — फार पटकन. बशी तशीच हातात.

"कुणाला नाही. असंच."

"असंच कुणी विचारत नाही, लुसियन."

"तू का एवढी दचकलीस?"

"मी? मी कशाला दचकू!" बशी पुसलेलीच होती, ती परत पुसायला लागली.

हिचंही काहीतरी आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा वाटलं, ही माझ्यापासून काही लपवते आहे. टेकडीवर शिजतंय ते आता माझ्या स्वयंपाकघरातही?

ते नंतर बघू. शनिवारी ग्रासिएलाला सांगणार. सेलेस्टने विचारलं, तर तिलाही सांगेन — तुझं वर्ष तुझ्या बापाने घालवलं, पण का, तेही सांगेन.

६ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. जेवणघराच्या कोपऱ्यात, चावडर सूपची वाटी हातात धरून.

ग्रासिएलाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "डॉन लुसियन, मला जुलैतच ठाऊक आहे. बाईंनी फक्त मलाच सांगितलं. म्हणून तर लुपेला आणतेय! एक डोकं वाढेल."

पाठीमागून व्हर्जिल — "फक्त तुम्हाला? अहो बाई, मला तर म्हणाल्या, फक्त—"

मी डोरीनकडे वळलो. तिची मान खाली. तिला जूनमध्येच सांगितलेलं. वर ताकीद — लुसियनला नको, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!

हॉलभर नजर फिरवली. दातांचे डॉक्टर, न्यूयॉर्कवाले, कोपऱ्यातल्या मॉन्तेरेच्या आया. सगळे गार पाव आनंदाने खात होते.

सगळ्यांना ठाऊक होतं. आणि एकानेही मूल काढलं नव्हतं.