पाऱ्याने धरलेलं सोनं

माय, आज तुझे हात फार आठवताहेत. जळगावच्या सराफ गल्लीमागे आपली एवढीशी खोली, तू उकिडवी बसली आहेस आणि समोर पाण्याने भरलेली परात. सोनारांच्या दुकानांतला केर आणून त्यातून सोनं काढायचं हा आपला धंदा. लोक आपल्याला धूळधोये म्हणायचे. केरात कानशीने झडलेला सोन्याचा कीस असायचा, डोळ्यांना न दिसणारा. तू परात गोल हलवायचीस, राख-माती पाण्याबरोबर काठावरून निघून जायची आणि जड असेल ते तळाशी राहायचं. "सोनं आयशी शे," तू म्हणायचीस, "जठे बठनं तठे बठनं. तुनासारखं." आळशी म्हटलं की मी नाक मुरडायचे.

तळाच्या काळ्या गाळात तू पारा ओतायचीस आणि कणीक मळावी तसा उघड्या हातांनी मळायचीस. पारा मातीला शिवत नाही, सोन्याला मात्र सोडत नाही. मग तो गोळा फडक्यात पिळायचा, मोकळा पारा खाली वाटीत, सोनं धरलेला आत. ती गोळी लोखंडी पळीत घालून शेगडीवर ठेवली की पारा उडून जायचा आणि मागे सोनं उरायचं. त्या वेळी तू दार-खिडकी घट्ट लावून घ्यायचीस, वाऱ्याने राख उडून सोन्यात पडू नये म्हणून. मला म्हणायचीस, "भाहेर जाय, तुना डोयाले धूर लागी." मी उड्या मारत जायचे. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असंच आपण दोघी धरून चाललो होतो.

पुढे तुझे हात थरथरायला लागले. बशीत चहा सांडायचा आणि मी खेकसायचे, "नीट धर ना!" मी धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातून थर्मामीटर फुटला. मॅडमनी धावत सगळ्या खिडक्या उघडल्या, फरशीवर गंधकाची पूड टाकली. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण खोलीत राहते, श्वासातून आत जाते आणि आधी हात धरते, ते कापू लागतात, असं त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी एसटी पकडून घरी आले आणि तुला सगळं सांगितलं.

तू हसलीस. "इतला वरीस व्हई ग्यात, काय व्हयनं माले? तुना कानना फुलं व्हई जाऊ दे, मंग सोडी दिसू." बोलताना तुझ्या हातातला पेला किटकिट वाजत होता. पाऱ्याची ती वाटी मी मोरीत उपडी करायला हवी होती. मी थोडा वाद घालत बसले, आणि जेवताना तुला विचारलं, कानातल्या फुलांना मधे मोती बसवता येईल का? तुला इतका आनंद झाला! त्यानंतर कितीतरी महिने ते दार बंद होत राहिलं.

लग्नात ती फुलं तुला स्वतः माझ्या कानात घालायची होती. फिरकी काही केल्या बसेना. शेवटी तू ती मावशीच्या हातात दिलीस आणि फोटोसाठी बाजूला झालीस. पुढे घास तोंडापर्यंत नेणंही तुला जमेना, आणि मग तू गेलीसच.

आता मी धुळ्यात मुलांना विज्ञान शिकवते. सोनं गंजत नाही, पारा तापवला की त्याची वाफ होते, मुलं धडाधडा म्हणतात. शाळेतून घरी आले की आरशापुढे उभी राहून ठरवते, फुलं काढून ठेवायची. काढत नाही. परवा एका बारशाला कुणीतरी विचारलं, कुठून घेतलीत? मी केस कानामागे सारून दाखवली, दोन्ही बाजूंनी.

माय, मला ती फार शोभतात. आणि आज पुन्हा तशीच तुझ्यासमोर जेवायला बसले, तर मोत्याचं मी विचारणार नाही, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.